पेवाच्या तोंडाशी ठेवलेला दिवा

माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी म्हणत आणि सासरीही म्हणत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट थोडा तोराच होता. दुकानात वजनात मारणारा अडत्या असो की माझ्याच जावेचा भाऊ असो, तोंडावर बोलून मोकळं व्हायचं, ही माझी रीत. आमचे हे म्हणत, हिला पाटलाच्या चावडीवर नेऊन बसवा, निम्मे तंटे घाबरूनच मिटतील. पण ज्या एका गोष्टीत माझं तोंड उघडायला हवं होतं तिथं ते मिटलं. ती गोष्ट लिहून काढते आहे. लिहिताना तरी कुणी समोर बसलेलं नसतं.

निजामाचा अंमल होता. केज तालुक्यात युसूफ वडगावच्या बाजूला आमचं गाव. पुढं किराण्याचं दुकान, मागं घर, गावाबाहेर शेती. आम्ही लिंगायत वाणी. सासूबाई गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला तेव्हा मी तिशीच्या आत होते. वर्षभरातच धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा आष्टीकडचा, तहसिलीत कारकून, उर्दू भराभर लिहिणारा, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी. सोयरीक मोठी होती आणि आईवेगळ्या पोरीचं लग्न माझ्या हातून निघायचं होतं. गावातली नि भावकीतली प्रत्येक बाई कुठं काय कमी पडतं ते बघायला टपलेली आहे, असं मला रात्रंदिवस वाटत होतं. ते फार खोटंही नव्हतं. आमची एक चुलत सासू आठवडाभर आधीच येऊन राहिली होती. ती मीठ चाखायची आणि काही न बोलता नुसती मान हलवायची.

आमच्या घरची एक रीत होती. लग्नाचा घाणा भरायचा, म्हणजे सवाष्णींनी जात्याला हळद लावून मुहूर्ताचं दळण दळायचं, तेव्हा पहिली ओंजळ घरच्या पेवातल्या ज्वारीची हवी. बाजारची नको, कणगीतली नको, पेवातलीच हवी. पेव आमच्या मागच्या परसात होतं. आता पेवं बुजली, पोरांना ती दिसतही नाहीत, म्हणून सांगते. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, पण पोट मोठं आणि तोंड लहान, जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. आतून कडबा नि भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून माती लिंपायची. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण कोंडलेल्या पेवात वाफ धरते. ती दिसत नाही. उतरणाऱ्याला कळायच्या आत त्याचे पाय लटपटतात आणि तो खाली बसतो, आणि बसला की संपलं.

पेवात उतरायचं काम आमच्याकडे एकाच माणसाचं. तो आमचा सालगडी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. सासऱ्यांच्या वेळेपासून होता. नांगरटीत तो बेताचाच होता, पण पेवात त्याचा हात धरणारा आजूबाजूच्या पाच गावांत कुणी नव्हता. लोक त्याला बोलावून नेत. त्याची पद्धत ठरलेली. आदल्या दिवशी शिळा काढायची आणि पेव दिवसभर उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी शिंक्यात तेलाचा दिवा ठेवून दोरानं तळापर्यंत सोडायचा. दिवा जळत वर आला तर उतरायचं. विझला तर लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून वरखाली, वरखाली घुसळत बसायचं आणि पुन्हा दिवा सोडायचा. घाई करणाऱ्याला तो सांगायचा, “पेवाला घाई न्हाई, तुमाला कावून हाय?”

आणि कमरेच्या दोराचं दुसरं टोक धरायचं ते त्याच्या बायकोनं. दुसरं कुणी धरलेलं त्याला चालत नसे. आत गेला की दोघांचं भांडण सुरू व्हायचं. ही वरून म्हणायची, काल चुलीला फाटे आणले न्हाईत. तो आतून ओरडायचा, तुझ्या भावानं आणावेत. आम्ही पोटं धरून हसत असू. पुष्कळ दिवसांनी मला कळलं की ते भांडण मुद्दाम होतं. त्याचा आवाज येतोय तोवर तो शुद्धीवर आहे, हे तिला कळावं म्हणून.

घाण्याच्या आदल्या दिवशी अवस आली. अवसेला पेव उघडत नाहीत, म्हणून ते उघडलं नाही. त्यानं मला विचारलं होतं, “मालकीनबाई, दोन दिस आदी उघडून ठिवू का?” तर मी म्हणाले, इतक्या लवकर उघडलं तर पाऊस येईल, मांजरी घाण करतील, नको. म्हणजे पहिली चूकही माझीच. ते पेव दोन वर्षांपूर्वी निम्मं काढून पुन्हा लिंपलेलं होतं. त्यामुळं आत निम्मी ज्वारी होती आणि निम्मी कोंडलेली पोकळी.

घाण्याच्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आल्यावर शिळा काढली. मुहूर्त दुपारच्या आतला होता. जंगम स्वामी येऊन बसले होते. ओसरीवर जातं मांडलेलं, सवाष्णी जमलेल्या, त्यांची गाणी सुरू. मी पूजेचं ताट घेऊन परसात आले. पेवाची पूजा घरच्या सुनेनं करायची असते. हळदकुंकू वाहिलं, खोबरं ठेवलं आणि मान वर केली तर त्याची बायको शिंकं घेऊन उभी. शिंक्यात दिवा लावलेला.

पेव आजच उघडलंय, दिवा विझणार, हे मला स्वच्छ कळत होतं. हे मी आज शपथेवर सांगते. कळत नव्हतं असं नाही. दिवा विझणार आणि तो लग्नघरात, घाण्याच्या दिवशी, पूजा केल्या जागी विझणार. ओसरीवरून चुलत सासू ते बघणार. पुढं पोरीला सासरी काही दुखलं-खुपलं तर वीस वर्षं म्हणत राहणार, हिनं घाण्याच्या दिवशी दिवा विझू दिला.

मी म्हणाले, “आज दिवा सोडायचा नाही.”

तो धोतर खोचत होता. थांबला. म्हणाला, “दिव्याबिगर कसं उतरावं, बाई? कालचं उघडं न्हाई.”

“शिळा काढून घटका झाली. वारा सुटलाय. दोन टोपल्या तर काढायच्यात. शुभ दिवशी माझ्या दारात दिवा विझलेला मला चालणार नाही.”

“मंग डहाळा फिरिवतो जरा येळ. मुहूर्त लई लांब हाय.”

“लांब कुठला? सगळ्या बाया खोळंबल्यात. एवढा पेवात उतरणारा म्हणवतोस आणि आज भ्यायलास होय रे?”

हे शेवटचं वाक्य बोलायचं काही कारण नव्हतं. पण तोंडाची सवय. त्याचा चेहरा उतरला. हे मी त्याच्या बायकोसमोर बोलले होते आणि त्याच्या अंगातली एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर त्याला कुणी बोललेलं खपत नसे. त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. मी पुढं होऊन तिच्या हातातलं शिंकं घेतलं, त्यातला दिवा काढला आणि पूजेच्या ताटाशेजारी पेवाच्या तोंडाशी ठेवून दिला. फुंकर मारायची नाही, विझवायचा नाही, म्हणून नुसता ठेवला. तो छान जळत होता.

तो उतरला. कमरेला दोर, दोराला बायको. टोपल्या ओढायला दुसरा एक गडी मागाहून आला. पहिली टोपली वर आली. तिनं भांडण काढलं नव्हतं. रागावली होती, त्याच्यावर नाही, माझ्यावर. पण दुसरी टोपली वर येताना तिनं हाक मारली, “झालं का वं?” आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. ती पुन्हा म्हणाली, “काय म्हन्लाव? आवाज का बसला?” मग काहीच आलं नाही.

ती अशी ओरडली की ओसरीवरची गाणी बंद पडली. तिनं आणि गड्यानं दोर ओढला. दोर कमरेला, त्यामुळं तो दुमडून वर आला आणि तोंडाच्या हातभर खाली अडकला. ना वर, ना खाली. दुकानातून आमचे हे धावत आले. त्यांनी डोक्याचा रुमाल फेकला आणि खालून ढकलतो म्हणून पेवात पाय सोडू लागले. मी तिथंच होते. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. माझा नवरा त्या पेवात उतरतोय हे दिसत असताना मी पदर तोंडात धरून नुसती उभी होते.

थांबवलं ते त्याच्या बायकोनं. तिनं मालकाच्या छातीला हात लावून त्यांना मागं लोटलं. “तुमी उतरू नका, मालक! एकाचे दोन हुतील!” असं म्हणून ती पोटावर आडवी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि त्याचे केस धरून डोकं वर ओढलं. मग टोपलीच्या दोराचा फास त्याच्या एका काखेतून घातला. किती वेळ लागला मला सांगता येत नाही. तिघांनी ओढून काढला तेव्हा त्याच्या खांद्याचं कातडं सोललं होतं आणि ओठ काळेनिळे होते. तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, थोबाडीत मारल्या. पुष्कळ वेळानं त्याला एक उचकी आली आणि श्वास चालू झाला.

मग आमच्या ह्यांनी विचारलं, “दिवा सोडला नव्हता का यानं?”

मी म्हणाले, “नाही सोडला.”

शब्द खरेच होते. म्हणून तर मला ते इतक्या पटकन सुचले. त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही बोलेल. बोलली नाही. तिची दोन लेकरं आमच्या घरी जेवत होती, पुढच्या सालाची बोलणी आमच्याशीच व्हायची होती. तिला बोलता येणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. मी त्याच्याच आधारानं उभी राहिले.

चुलत सासू म्हणाली, “बघा, एवढं झालं पर दिवा न्हाई इझला. देवाची किरपा, लगनाला बाधा न्हाई.” खरंच, ताटाशेजारी तो दिवा तसाच जळत होता. वर आलेल्या त्या दोन टोपल्यांमधल्या ज्वारीचा घाणा आम्ही मुहूर्तावर भरला. मी जात्याचा खुंटा धरला आणि गाण्यात आवाजही मिसळला. लग्न निर्विघ्न पार पडलं. आष्टीकरांनी व्यवस्थेचं कौतुक केलं आणि ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

गावातल्या हकिमानं आधी म्हटलं, चार दिवसांत उठून कामाला लागेल. उठला. पण कामाला लागला नाही. मग गाडी जुंपून मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला हेच पुष्कळ. त्याला जुनं सगळं आठवायचं. माझ्या सासऱ्यांनी कुठला बैल कुणाकडून घेतला ते सांगायचा. पण आज सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नसे. हात थरथरायचे. आणि घाण्याची ती सकाळ त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली होती.

सुरुवातीचे दोन महिने जो येईल तो त्याला तेच विचारायचा. अरे, एवढा जाणता तू, दिवा कावून सोडला न्हाईस? रोज दहा माणसांनी विचारलं, तेव्हा तेवढी एक गोष्ट त्याच्या डोक्यात रुतून बसली. मी दिवा सोडायला विसरलो. पहिल्यांदा काठी टेकत आमच्या परसात आला तेव्हा हात जोडून म्हणाला, “मालकीनबाई, माजं चुकलं. लगनघरात इघ्न आनलं म्या. दिवा सोडायचा इसरलो.” त्याच्यामागं त्याची बायको उभी होती.

मी म्हणाले, “असू दे.”

काय म्हणावं या तोंडाला! अडत्याला, जावेच्या भावाला, हकिमाला सुद्धा सोडत नव्हतं. आणि इथं मी त्याला मोठ्या मनानं माफ केलं. घरात जाऊन मी पायलीभर शेंगा त्याच्यासाठी पाठवल्या. पुढं दर सणाला काही ना काही पाठवत राहिले. त्याचं सालाचं धान्य बंद केलं नाही. लोक म्हणत, बाई तोंडानं फाटकी पण मनानं थोर. मी ते ऐकून घेत असे.

तिसऱ्या वर्षी नणंद बाळंतपणाला आली. तो तिला भेटायला आला आणि त्या सात महिन्यांच्या गरोदर पोरीपुढं ओणवा झाला. “ताईसाब, तुमच्या लगनात म्या इघ्न आनलं, पदरात घ्या.” ती हसली, म्हणाली, “काका, किती वेळा तेच?” तो ओशाळला. उठताना त्याचा हात भिंतीवर थरथरत होता. त्या वेळी मला माझी इतकी किळस आली की मी तशीच आत जाऊन कोनाड्याकडं तोंड करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले. तो दारात उन्हाला बसला होता, बायको सुपात ज्वारी पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. दिवा तुझ्या बायकोनं लावून आणला होता. तू मागितला होतास. मी सोडू दिला नाही. डहाळाही फिरवू दिला नाही. भ्यायलास का म्हणून हिणवलं आणि उतरवलं.

तो हसायला लागला. “मालकीनबाई लई मोठ्या मनाच्या. माजी चूक सवताच्या अंगावर घेत्यात.”

“नाही रे, खरं सांगते. आईची आण.”

त्यानं बायकोकडं बघितलं. ती सूप थांबवून म्हणाली, “खरं हाय त्ये.”

त्यानं हळूच विचारलं, “म्हंजी म्या दिवा मागितलता?”

“मागितला होतास.”

“इसरलो न्हवतो?”

“नाही विसरलास.”

मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. मी तयारी करून गेले होते. पण त्याचे डोळे भरून आले आणि तो ताठ बसला. तीन वर्षांत मी त्याला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. बायकोला म्हणाला, “आईकलंस का गं? म्या इसरलो न्हवतो.” मला एक शब्दही टाकून बोलला नाही. त्याला माझ्यावर राग धरायचाच नव्हता. आपण पेवात कधी चुकलो नाही, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मी तीन वर्षं माझ्यापाशी दाबून ठेवलं होतं.

त्याची बायको मला वळणापर्यंत सोडायला आली. मला हलकं वाटत होतं. मी तिला म्हणाले, “आज सुटले गं बाई.”

ती म्हणाली, “उद्या इसरंल त्यो.”

मला आधी कळलंच नाही.

“नवं काही ऱ्हात न्हाई त्याच्या डोस्क्यात. उद्या उठंल आन् पुन्यांदा हात जोडंल. म्या रोजच सांगती, दिवा तुमी मागितलता म्हनून. पर म्या बायकू. त्याला वाटतं, समजूत काढती. आज तुमच्या तोंडातून आईकलं तवा पटलं.” मग म्हणाली, “रोज याल का, बाई? लई येळ न्हाई लागत.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. त्यानं मला बघताच हात जोडले. “मालकीनबाई, माजं चुकलं.” मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो पुन्हा हसला, पुन्हा बायकोकडं बघितलं, पुन्हा ताठ बसला. तिसऱ्या दिवशीही गेले. त्या दिवशी शेजारच्या दोन बाया कुडाआड येऊन उभ्या होत्या, हे मला सांगता सांगता दिसलं. मी आवाज खाली आणला. त्याला नीट ऐकू आलं नाही. बायको म्हणाली, जरा मोठ्यानं सांगा. मी सांगितलं. चौथ्या दिवशी घरी पाहुणे होते. पाहुणे खरेच होते, पण घटकाभर उठता आलं नसतं असे नव्हते. पाचव्या दिवशी मला कुणी अडवलेलं नव्हतं.

ती बोलवायला आली नाही. पुढं परसात भेटली तरी त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

तो त्यानंतर सहा वर्षं जगला. वाटेत, देवळापाशी, दुकानासमोर, कुठंही मी दिसले की काठी बगलेत धरून हात जोडायचा आणि म्हणायचा, “माजं चुकलं, बाई. दिवा सोडायचा इसरलो.” आजूबाजूला माणसं असायची. मी चालता चालता म्हणायचे, “असू दे.”